जपानचा किशू किनारा आणि तिथली माणसं – कुणी गेलंय का तिकडे?

ओसाकाकर
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, टायपायचा कंटाळा हा माझा जुना आजार. सात वर्षं झाली ओसाकात, पण घरचे फोनवर अजून तेच विचारतात, बुलेट ट्रेन कशी, फुजी बघितला का, आणि ते शाळेतली पोरं स्वतः वर्ग झाडतात ते खरं का. जपान म्हटलं की आपल्याकडे एवढंच पोचलंय. म्हणून म्हटलं एका अशा कोपऱ्याबद्दल लिहावं जिथं मी आता पाच-सहा वेळा जाऊन आलो आणि दर वेळी कायतरी नवीनच हाती लागलं.

ओसाकाच्या खाली दक्षिणेला किई नावाचं मोठं द्वीपकल्प आहे, त्याच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्याचा बहुतेक भाग म्हंजे आजचा वाकायामा प्रांत, जुनं नाव किशू. डोंगर असे की थेट समुद्रात उतरतात, भाताला सपाट जागा नाही, मागे जंगल आणि पुढे कुरोशिओ, म्हणजे 'काळा प्रवाह', पॅसिफिकमधला तो मोठा गरम पाण्याचा प्रवाह. मग माणूस करणार काय, समुद्रातच जाणार. बाकीचे जपानी याला लांबचा, अडचणीचा भाग समजतात पण मला उलटंच वाटायला लागलंय, या लोकांचं बाहेरच्या जगाशी जेवढं येणंजाणं झालं तेवढं आतल्या मोठमोठ्या शहरांचंसुद्धा नव्हतं. साधं उदाहरण, अमेरिकन नौदलाचा पेरी जपानची दारं उघडायला तोफा घेऊन 1853 ला आला हे सगळ्यांना माहितीये, पण 1791 मध्येच 'लेडी वॉशिंग्टन' नावाचं अमेरिकन जहाज या किनाऱ्यावरच्या ओशिमा बेटाला येऊन गेलं होतं, कातडी विकायला. कुणी घेतली नाहीत, ते गेले निघून. बासष्ट वर्षं आधी!

आता मेन गोष्ट. याच ओशिमाजवळ, जपानच्या मुख्य बेटाचं, होन्शूचं, दक्षिण टोक आहे तिथं, 16 सप्टेंबर 1890 च्या रात्री 'एर्तुग्रुल' हे तुर्की सुलतानाचं लढाऊ जहाज वादळात खडकांवर फुटलं. सुलतानाच्या भेटी देऊन परत निघालं होतं. पाचशेच्या वर माणसं गेली, वाचले फक्त 69. ते दीपगृहाच्या उजेडाकडे बघत कडा चढून वर आले, आणि काशिनो गावच्या लोकांनी, ज्यांच्या स्वतःच्या घरात तेव्हा खायची मारामार होती, त्यांनी अडीअडचणीसाठी राखलेल्या कोंबड्या आणि रताळी काढून या लोकांना घातली, उघड्या अंगाला अंग लावून ऊब दिली. भाषा एक अक्षर कळत नव्हती. नंतर जपानी नौदलाच्या दोन जहाजांनी त्या 69 जणांना इस्तंबूलला नेऊन सोडलं.

आणि आता ऐका. मार्च 1985, इराण-इराक युद्ध, सद्दामनं जाहीर केलं की 48 तासांनंतर इराणवर दिसेल ते विमान पाडणार. तेहरानमध्ये जपानी लोक अडकलेले, जपानकडून विमान काही येईना. शेवटी तुर्कस्तानच्या दोन विमानांनी 215 जपान्यांना बाहेर काढलं. का काढलं, तर तुर्की बाजूनं नंतर हेच सांगण्यात आलं की आम्ही एर्तुग्रुल विसरलेलो नाही. कुशिमोतोला, म्हणजे ओशिमा ज्या गावात येतं तिथं, गेलात तर त्या कड्यावर स्मारक आहे, म्युझियम आहे, आणि मधेच तुर्की दिवे विकणारं दुकान. सुरुवातीला मला वाटलं कुणी टुरिस्टांसाठी थीम पार्क काढलंय, गोष्ट कळल्यावर गप्प झालो.

अजून बरंच आहे पण आधी कुणाला इंटरेस्ट आहे का बघतो, नाहीतर माझं मीच वाचत बसायचो.

कोकणचो_झील
बरां लिवलंस रे! थांबू नको. ते दीपगृह कोणी बांधलेलं?

ओसाकाकर
@झील, रिचर्ड ब्रंटन नावाचा स्कॉटिश इंजिनिअर, 1870 मध्ये पेटलं, दगडी आहे आणि अजून उभं आहे. म्हणजे एर्तुग्रुल फुटलं तेव्हा त्याला वीस वर्षं झाली होती. त्या काळात जपानच्या किनाऱ्यांवर त्यानं अशी बरीच बांधली, जहाजं फुटू नयेत म्हणून.

निमी
मस्त धागा, वाचतेय. रताळी आणि कोंबड्या वाचून घशात आवंढा आला.

चिकित्सक
छान लिहिलंय, पण एकच बाजू नको. याच किनाऱ्यावर चार वर्षं आधी काय झालं तेही सांगा ना. ऑक्टोबर 1886, 'नॉर्मंटन' नावाचं ब्रिटिश मालवाहू जहाज, योकोहामाहून कोबेला जाताना किशूच्या समुद्रात बुडालं. कॅप्टन ड्रेक आणि गोरे खलाशी होडीत बसून सुखरूप. जहाजावरचे 25 जपानी प्रवासी, सगळेच्या सगळे बुडाले. कोबेच्या चौकशीत कॅप्टन निर्दोष, कारण तेव्हाच्या तहांप्रमाणे जपानमध्ये ब्रिटिश माणसावर खटला ब्रिटिशच चालवणार. लोकांनी बोंबाबोंब केली तेव्हा योकोहामाला पुन्हा खटला आणि शिक्षा किती, तीन महिने. नुकसानभरपाई शून्य. ते विषम तह रद्द करा म्हणून जपानमध्ये जो राग पेटला त्यात या प्रकरणाचा मोठा वाटा. आणि जाता जाता, त्या जहाजावर भट्टीत कोळसा टाकणारे हिंदुस्थानी होते, तेही बुडाले. त्यांच्याबद्दल कुणीच काही बोललं नाही, ना तिथं ना इथं.

ओसाकाकर
@चिकित्सक, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत, माझ्या डोक्यात या दोन गोष्टी कधी शेजारी शेजारी आल्याच नव्हत्या. म्हणजे चार वर्षांपूर्वी परक्या कॅप्टननं आपली माणसं मरायला सोडली हे पेपरातून देशभर गाजलेलं, आणि त्यानंतर परकी माणसं दारात आली तर यांनी कोंबड्या कापल्या.

कोकणचो_झील
माझे पणजोबा स्टीमरवर होते. रत्नागिरीकडचे कितीतरी लोक तेव्हा बोटीवर असायचे, घरी फोटो पण नाही, फक्त एक पत्र्याची ट्रंक उरलीय. भट्टीवाल्यांचं वाचून जरा कसंतरी झालं. असो. पुढे लिही.

मास्तर_सातारकर
हा तोच भाग ना जिथला तो म्हातारा, ज्यानं डोंगरावरून समुद्र मागे हटताना बघितला आणि गावाला वाचवायला आपलं कापलेलं भाताचं पीक पेटवून दिलं? आग विझवायला सगळं गाव वर धावलं आणि खाली त्सुनामी आली. मी मुलांना वर्गात ही गोष्ट सांगायचो, 2004 च्या त्सुनामीनंतर तर दर वर्षी.

ओसाकाकर
@मास्तर, तोच भाग, पण सॉरी, ती गोष्ट थोडी वेगळी आहे आणि माझ्या मते खरी जास्त भारी आहे. तुम्ही सांगता ते रूप जपानात राहिलेला लेखक लाफ्कादिओ हर्न याच्या 1897 च्या लिखाणातून जगभर गेलं. खरा माणूस हामागुची गोर्यो. म्हातारा वगैरे नाही, पस्तिशीतला, सोया सॉसचा खानदानी धंदा असलेला शेठ. गाव हिरो, आताचं हिरोगावा. 24 डिसेंबर 1854, संध्याकाळी भूकंप आणि मागोमाग लाटा. लाट येऊन गेली होती, अंधार पडलेला, लोक पाण्यात कुठं जायचं ते न कळून चाचपडत होते. तेव्हा यानं रस्त्याकडेच्या पेंढ्याच्या गंजी पेटवल्या, म्हणजे त्या उजेडात लोकांना टेकडीवरच्या हाचिमान देवळाची वाट दिसावी. पीक जाळलं नाही, पेंढा जाळला. नंतर आलेली मोठी लाट त्या गंजीसुद्धा घेऊन गेली. गावात तीसेक माणसं गेली, बाकीची वाचली.

पण खरी कमाल पुढे आहे. घरं गेली, होड्या गेल्या, लोक गाव सोडून चालले. हा म्हणाला थांबा, आपण बंधारा घालू, मजुरी मी देतो. जवळपास चार वर्षं काम चाललं, साधारण 600 मीटर लांब आणि 5 मीटर उंच मातीचा बंधारा, सगळा स्वतःच्या खिशातून. म्हणजे रोजगार हमी योजनाच म्हणा ना. पुढच्या बाजूला पाइन लावले, मागे मेणाची झाडं. आणि 1946 ला याच किनाऱ्यापुढच्या समुद्रात पुन्हा मोठा भूकंप, पुन्हा त्सुनामी, तेव्हा बंधाऱ्याच्या मागचं बहुतेक गाव वाचलं. हा तोवर जाऊन साठेक वर्षं झालेली. म्हातारपणी जग बघायला निघाला आणि 1885 मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारला.

संयुक्त राष्ट्रांनी 5 नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिवस ठरवलाय तो याच घटनेवरून, जुन्या जपानी पंचांगाप्रमाणे ती तारीख अकराव्या महिन्याची पाचवी होती. आणि दर नोव्हेंबरात गावात त्सुनामी उत्सव असतो, शाळेची पोरं माती आणून बंधाऱ्यावर टाकतात, 1903 पासून. मी एकदा बघितला. एक बारकं पोरगं मूठभर माती टाकून दोन्ही हात शर्टाला पुसून मोकळं.

मास्तर_सातारकर
वीस वर्षं चुकीचं शिकवलं म्हणा की! पण पेंढा आणि बंधारा हेच जास्त पटतंय. एका रात्रीचं शौर्य कुणीही टाळ्या वाजवून ऐकतं, चार वर्षं मजुरी वाटत राहणं मुलांना सांगायला अवघड पण तेच सांगायला हवं. रिटायर झालोय, आता नातवाला सांगतो.

बोरिवलीची_बया
सोया सॉसचा शेठ म्हणजे कुठला सोया सॉस? आमच्या चायनीजच्या गाडीवरचा का :)

ओसाकाकर
@बया, यामासा! त्याचं घराणं तेच. मूळ गाव हे, पण धंदा 1645 पासून लांब तोक्योच्या पलीकडे चोशीला. आणि सोया सॉसचा जन्मच मुळी हिरोच्या शेजारच्या युआसा गावातला मानतात. काकुशिन नावाचा भिक्षू तेराव्या शतकात चीनहून किंझानजी मिसो करायची रीत शिकून आला, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, हा भाज्या घालून मुरवलेला, इथं त्याच्या पिंपात तळाशी जे काळं पाणी सुटायचं ते कुणीतरी चाखलं आणि म्हणाला अरे हे तर वेगळंच काढायला पाहिजे. अशी तिथली आख्यायिका. लोणच्याचा खार चाटणारा माणूस सगळीकडे असतोच. युआसाच्या जुन्या गल्लीत अजून लाकडी पिंपं आहेत, गल्लीत शिरलं की वासच येतो.

बोरिवलीची_बया
शाकाहारी माणसानं काय खायचं ते सांगा बाकी इतिहास नंतर. नवरा म्हणतोय जाऊया.

ओसाकाकर
उमेबोशी घ्या, त्यात हा भाग जपानात एक नंबर, देशातलं अर्ध्याहून जास्त उमे एकटं वाकायामा पिकवतं. मिनाबे आणि तानाबे ही दोन गावं त्याची राजधानी. उमेला प्लम म्हणतात पण ते जर्दाळूच्या जवळचं फळ. मिठात घालायचं, मग उन्हात वाळवायचं. जुन्या पद्धतीचं वीसेक टक्के मिठातलं खाल्लंत तर एक डोळा आपोआप बंद होतो, आपल्या आंबोशीचा जपानी मोठा भाऊ. सगळ्यात नावाजलेली जात 'नानको', तिचं नाव कशावरून, तर मिनाबेच्या हायस्कूलवरून! तिथल्या मास्तरांनी पोरांना घेऊन पाच वर्षं गावातली झाडं तपासली आणि उत्तम जात निवडली. 'मिनाबे' ज्या अक्षरांनी लिहितात त्यांचा दुसरा उच्चार 'नानबु', कोको म्हंजे हायस्कूल, त्याचं आखूड नानको. हापूसला आपण कुठल्या शाळेचं नाव दिलं असतं का सांगा.

आणि 'मेहारी झुशी' घ्या, मोहरीच्या जातीच्या मोठ्या पानांचं लोणचं असतं, त्यात भाताचा गोळा गुंडाळतात. जंगलात लाकूड तोडायला जाणारे शिदोरीला न्यायचे. मेहारी म्हणजे डोळे फाडून, तोंड एवढं मोठं उघडावं लागतं की डोळे पण उघडतात. फक्त आत मासा किंवा माशाचा कीस नाही ना ते विचारून घ्या.

इतिहासवेडी
मी इतके दिवस नुसती वाचत होते, आता राहवत नाही. याच किनाऱ्यावरच्या नाचीबद्दल कुणी कसं लिहिलं नाही? 133 मीटरचा धबधबा, त्याच्याजवळचं सेइगांतो-जी हे पश्चिम जपानच्या 33 कान्नोन देवळांच्या यात्रेतलं पहिलं देऊळ, आणि त्याची स्थापना केली म्हणून ज्याचं नाव सांगतात तो राग्यो शोनिन हा भारतातून आलेला भिक्षू! राग्यो म्हणजे उघडा. आख्यायिका आहे, चौथ्या शतकातली सांगतात, समुद्रातून वाहत आला आणि धबधब्याखाली त्याला कान्नोनची मूर्ती सापडली.

कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. त्याचं राहायचं ठिकाण पोतलक पर्वत, जो ह्युएन त्सांगनं दक्षिण भारतात मलय पर्वताच्या पूर्वेला असल्याचं लिहिलंय. ल्हासाचा पोताला, चीनमधलं पुतुओ आणि जपानीतलं 'फुदाराकू', सगळी एकाच शब्दाची पिलं. आता अंगावर काटा येणारी गोष्ट. नाचीच्या समुद्रकाठी फुदाराकुसान-जी नावाचं देऊळ आहे. तिथले भिक्षू त्या पोतलकला जायला निघायचे, होडीतून. नोव्हेंबरात उत्तरेचा वारा सुटला की. होडीवर एक खोपटं, चार बाजूंना चार तोरी, म्हणजे शिंतो देवळांपुढे असतात तशा कमानी, आत भिक्षू, तीस दिवसांचं अन्न आणि दिव्याचं तेल, आणि बाहेरून दार खिळे ठोकून बंद. ओढत खोल समुद्रात नेऊन दोर कापायचा. नवव्या शतकापासून अठराव्यापर्यंत वीसहून जास्त जण गेले. सोळाव्या शतकात कोंकोबो नावाच्या भिक्षूनं ऐनवेळी मला मरायचं नाही म्हणून खोपटं फोडलं आणि बेटावर पळाला, त्याला पकडून बुडवलं. त्यानंतर जिवंत माणसाला पाठवणं थांबलं, मेल्यावर भिक्षूचं प्रेत होडीत घालून सोडायचे.

मला यातली एक गोष्ट फार टोचते. कान्हेरीला आणि औरंगाबादच्या सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराची शिल्पं आहेत बघा, मधे तो उभा आणि दोन्ही बाजूंना संकटं, आग, तलवार, हत्ती, आणि एक बुडती होडी, त्यातली माणसं हात जोडून त्याला हाका मारतायत. आपल्याकडे व्यापाऱ्यांना बुडण्यापासून वाचवणारा देव तो, आणि तिकडे त्याच्याच भेटीसाठी माणसं मुद्दाम होडीत बंद होऊन समुद्रात जातायत.

निमी
बापरे. झोप उडवलीत.

ओसाकाकर
@इतिहासवेडी, साष्टांग. मी ती होडी बघितलीय, देवळात नव्यानं बांधलेली नक्कल ठेवलीय, आत मी मांडी घालून जेमतेम बसलो असतो. पण औरंगाबादचं कनेक्शन माहीतच नव्हतं, आणि मी शिकलो कुठं, तर औरंगाबादला! चार वर्षांत लेणी पाहिली नाहीत, कँटीन पाहिलं.

डॉल्फिनप्रेमी
एवढं गोडगोड लिहिताय आणि ताइजीचं नाव नाही? त्याच किनाऱ्यावर आहे ना ते, डॉल्फिनांना खाडीत हाकलून मारतात, त्यावरच्या डॉक्युमेंटरीला ऑस्कर मिळालं. ते पण सांगा की "तिथली माणसं".

ओसाकाकर
@डॉल्फिनप्रेमी, येणारच होतो तिकडे. ते होतं, अजूनही होतं, आणि मला स्वतःला ते बघवणार नाही हे आधीच सांगतो. पण ताइजी म्हणजे तेवढंच नाही. तीनेक हजार वस्तीचं, वाकायामातलं क्षेत्रफळानं सगळ्यात छोटं गाव. 1606 पासून तिथं व्हेलची संघटित शिकार, 1675 पासून जाळं टाकून. कड्यावर टेहळणीवाले, धुराचे आणि निशाणांचे इशारे, रंगीबेरंगी नक्षीच्या होड्या, चितारलेल्या देवळासारख्या. त्यांचा एक नियम होता, 'पिल्लू घेऊन चाललेली सेमी स्वप्नातसुद्धा बघू नये', सेमी म्हणजे राइट व्हेल, पिल्लासाठी ती वेडी होते. डिसेंबर 1878, काही वर्षं शिकार जेमतेम, गाव उपाशी, आणि समोर पिल्लासकट सेमी आली. नियम मोडला. होड्या तिच्यामागे गेल्या, वादळ आलं, शंभराच्या वर माणसं परत आली नाहीत. एका छोट्या गावातले शंभर कर्ते पुरुष! जुनी शिकार तिथंच संपली म्हणायची.

आणि मग ही माणसं गेली कुठं, तर परदेशी. ताइजी आणि कुशिमोतोचे पाणबुडे ऑस्ट्रेलियात ब्रूम आणि थर्सडे आयलंडला, मोत्यांच्या शिंपल्यांसाठी. तेव्हा प्लास्टिक नाही, जगाच्या शर्टांची बटणं त्या शिंपल्यांची. पितळी टोप घालून खोल जायचे, भराभर वर आलं की रक्तात बुडबुडे होऊन माणूस जागच्या जागी आखडायचा, शिवाय चक्रीवादळं. ब्रूमच्या जपानी स्मशानात नऊशेच्या वर लोक पुरलेत. म्हणून ताइजी आणि ब्रूम 1981 मध्ये भगिनी शहरं झाली. 2009 ला डॉल्फिनवरून ब्रूमच्या कौन्सिलनं ते नातं स्थगित केलं आणि काही महिन्यांतच निर्णय मागे घेतला, कारण स्मशान त्यांच्याच गावात आहे, ब्रूममधल्या कित्येक घरांत त्यांचंच रक्त आहे.

डॉल्फिनप्रेमी
1878 चं माहीत नव्हतं. तरी माझं मत बदलत नाही, भुकेनं मारणं वेगळं आणि आज ॲक्वेरियमला विकायला पकडणं वेगळं.

चिकित्सक
@डॉल्फिनप्रेमी +१. इतिहास हे कारण होऊ शकतं, परवाना नाही.

ओसाकाकर
यावर माझं भांडण नाहीच. फक्त गावाचं नाव ऐकून तोंड फिरवू नका एवढंच.

टोरांटोची_टिकली
आमच्याकडे कॅनडातही आहेत की ते! व्हँकुव्हरजवळ स्टीव्हस्टनला गेले होते तिथं कळलं. तिथले जुने जपानी कोळी बरेचसे एकाच गावचे, मिओ.

ओसाकाकर
@टिकली, अगदी. कुनो गिहेई नावाचा सुतार 1888 मध्ये गेला, नदीत सामन मासे एवढे की त्यानं गावाला पत्रांवर पत्रं लिहिली, अर्धं गाव गेलं. परत आलेल्यांनी मिओत रंगवलेली लाकडी विलायती घरं बांधली, बोलण्यात इंग्रजी शब्द, म्हणून त्याला अजून 'अमेरिका गाव' म्हणतात, गेले सगळे कॅनडाला पण नाव अमेरिका. डिसेंबर 1941 मध्ये कॅनडा सरकारनं होड्या जप्त केल्या आणि 1942 ला लोकांना किनाऱ्यापासून हाकललं. तिकडे लॉस एंजेलिसजवळ टर्मिनल आयलंडवर ताइजीवाले कोळी होते, त्यांना तर 48 तासांत घरं सोडायला लावली.

कोकणचो_झील
म्हणजे चाकरमानीच सगळे. मनीऑर्डरवर गाव. भाषा कशी रे त्यांची, ओसाकासारखीच?

ओसाकाकर
वेगळी. 'झ' नीट निघत नाही, 'झेनझेन'चं (म्हणजे 'बिलकुल') 'देनदेन' करतात. आणि बाकी जपान आदरार्थी बोलून बोलून दमवतो, किशूच्या बोलीत आदरार्थी रूपं नाहीतच असं म्हणतात, थोरा-मोठ्यांनापण अरेतुरे. बाहेरच्यांना वाटतं भांडतायत. काशिनोला एका आजीनं मला बघून काय विचारलं, तर "जेवलास का", सरळ, आपल्या आजीसारखं. ओसाकाच्या ऑफिसात सात वर्षांत मला असं कुणी विचारलं नाही.

निमी
मग आता टिकटा बघते. आणि तो मिनाकाता वगैरे कोण, देवराया वाचवणारा? कुठंतरी नाव वाचलं होतं.

ओसाकाकर
मिनाकाता कुमागुसू, तानाबेचा, त्याच्यावर वेगळा धागा लागेल. थोडक्यात, लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात वर्षानुवर्षं बसलेला आणि 'नेचर'मध्ये पन्नासेक लेख छापून आलेला अवलिया. 1906 मध्ये सरकारनं छोटी देवळं मोठ्यांत विलीन करायचा हुकूम काढला, देऊळ गेलं की त्याच्या मागची झाडी तोडून विकणार. हा भडकला, भांडला, त्यापायी 1910 मध्ये काही दिवस तुरुंगात पण गेला. आणि गंमत म्हंजे 1929 मध्ये खुद्द सम्राट हिरोहितो तिथं आला, त्यालाही जीवशास्त्राचं वेड, तर या माणसानं त्याला बुरशीसारख्या स्लाइम मोल्डचे 110 नमुने भेट दिले, कशात घालून, तर कॅरमलच्या गोळ्यांच्या मोठ्या खोक्यात.

बोरिवलीची_बया
हाहा, म्हंजे लाडवाच्या डब्यात आलेली चिवड्याची भेट. ट्रेन कुठली पकडायची ते सांगा, नवरा विचारतोय.

ओसाकाकर
'कुरोशिओ' नावाचीच एक्सप्रेस आहे, शिन-ओसाका किंवा तेन्नोजीहून. नाचीच्या पुढच्या शिंगू गावापर्यंत चार-साडेचार तास, तेव्हा डबा बरोबर ठेवा. पावसाळ्यात आणि टायफूनच्या दिवसांत जाऊ नका, गाड्या बंद पडतात.

बोरिवलीची_बया
खिडकी कुठल्या बाजूची?

ओसाकाकर
जाताना उजवी. शेवटपर्यंत समुद्र उजवीकडेच राहतो.